लॉडविक पॉइंटचा लॉडविक

महाबळेश्वरला गेलेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम गेल्या दोन-तीन पिढ्यांत फारसा बदललेला नाही. सकाळी क्षेत्र महाबळेश्वरला देवदर्शन, दुपारी वेण्णा तलावावर होडी आणि भाजलेले मक्याचे कणीस, संध्याकाळी सूर्यास्त, आणि मधल्या वेळात टॅक्सीवाला दाखवील ते पॉइंट. आर्थर सीट, एल्फिन्स्टन, केट्स, बॅबिंग्टन, विल्सन ही नावे आपली मुले पाढे म्हटल्यासारखी म्हणून दाखवतात. पण ही माणसे कोण, कुठून आली आणि कुठे गेली, हे कोणी विचारत नाही. सुट्टीच्या दिवशी माणसाने इतिहासाचा तास भरवू नये, हेही खरेच.

तरीही यांतल्या एका नावापाशी थोडे थांबावे, असे मला वाटते. ते नाव म्हणजे लॉडविक.

गावापासून पश्चिमेला चार-पाच किलोमीटरवर डोंगराची एक निमुळती सोंड दरीत घुसली आहे. तिच्यावर दगडी स्तंभ उभा आहे. स्तंभ ओलांडून पुढे कड्यापर्यंत गेले, की पायाखालची जमीन संपते. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० फूट. समोर प्रतापगड, डाव्या हाताला खोगिरासारख्या पाठीचा मकरंदगड, आणि खाली कोयनेचे खोरे. हे खोरे म्हणजेच जावळी. चंद्रराव मोऱ्यांची जावळी, १६५६ साली शिवछत्रपतींनी घेतलेली आणि १६५९ साली अफझलखानाची फौज गिळून बसलेली. डोंगरामागे डोंगर आणि त्यांच्यावर जंगलाची दाट घोंगडी. जवळचा डोंगर हिरवा, त्यामागचा निळा, त्याहीमागचा नुसता धूर. वारा असा, की बोललेला शब्द शेजारच्याच्या कानी पडत नाही. आणि त्यामुळेच की काय, एरवी गडबड करणारी मंडळीही इथे दोन मिनिटे गप्प उभी राहतात.

ज्याच्या नावाने हा पॉइंट ओळखला जातो तो पीटर लॉडविक इंग्लंडातल्या एसेक्स परगण्यातला. साउथ शूबरी गावच्या जॉन लॉडविक यांचा हा दुसरा मुलगा. १७९९ साली, म्हणजे श्रीरंगपट्टणला टिपू पडला त्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत दाखल झाला. तेव्हा त्याचे वय सोळाच्या आसपास असेल. आपल्याकडे या वयाचा मुलगा दहावीचा निकाल लागल्यावर कोणत्या शाखेला जावे या विवंचनेत असतो. त्या काळी विलायतेतल्या मध्यम घरातल्या धाकट्या मुलांना हिंदुस्थान ही एक नोकरी होती. कोणी परत जाई, पुष्कळसे जात नसत. तापाने आणि पटकीने ऐन उमेदीत गेलेल्या साहेबांच्या कबरी आपल्या प्रत्येक जुन्या छावणीच्या गावी आहेत.

लॉडविक जगला, आणि मराठी राज्य संपताना त्याने जवळून पाहिले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याजवळ खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. पर्वतीवरून दुसरे बाजीराव ती पाहत होते आणि रणात बापू गोखले झुंजत होते. त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूला लॉडविक ब्रिगेड मेजर होता. पुढे पुरंदर किल्ला घेताना तो हजर होता आणि कित्तूरला त्याने एका पलटणीचे नेतृत्व केले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ज्या घटना पराभवाच्या प्रकरणात येतात, त्या या माणसाच्या सेवापुस्तिकेत बढतीच्या नोंदी होत्या.

खडकीनंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८१८ मध्ये, आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि १८१९ साली त्यांच्याशी तह केला. महाराज तेव्हा पंचविशी ओलांडलेले तरुण होते. साताऱ्याला रेसिडेंट नेमला गेला आणि इंग्रजी पलटणीचा तळ पडला. या तळावर असताना, १८२४ साली, लॉडविक महाबळेश्वरच्या डोंगरावर चढला.

इथे एक गोष्ट सरळ करून घेतली पाहिजे. लॉडविकने महाबळेश्वर शोधून काढले, असे मार्गदर्शक पुस्तिकांतून छापतात. ते खरे नाही. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानलेले इथले देऊळ त्याच्या आधी कित्येक शतके उभे होते. जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला महाराजांनी इथेच केली. डोंगरावर कुणबी, कोळी आणि धनगर राहत होते. धावड लोक इथल्या मातीतून लोखंड गाळून पोटे भरत होते. या साऱ्यांना हा डोंगर सापडलेलाच होता. लॉडविक हा इथे पाऊल टाकणारा पहिला युरोपीय, एवढेच त्याच्या स्तंभावर कोरले आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

मग त्याने केले काय? त्याने डोंगर पाहिला आणि घरी जाऊन त्यावर लिहिले. बॉम्बे कुरियर नावाचे वर्तमानपत्र तेव्हा मुंबईत निघत असे. त्यातून त्याने सरकारला कळवले, की इथली हवा थंड आणि निरोगी आहे आणि आजारी माणसांना विश्रांतीसाठी ही जागा उत्तम आहे. आज हे किरकोळ वाटेल. पण तेव्हा मुंबई इलाख्यातला साहेब आजारी पडला, की त्याला हवापालटासाठी जहाजात बसून आफ्रिकेच्या टोकाला किंवा थेट विलायतेला जावे लागे. त्यात महिने जात, पैसा जाई आणि कधी कधी वाटेतच रोगी जाई. साताऱ्याहून दोन दिवसांच्या वाटेवर विलायतेसारखी हवा आहे, ही बातमी त्या लोकांना केवढी असेल!

बातमीचे गाव व्हायला मात्र वेळ लागला. लॉडविकच्या मागोमाग साताऱ्याचे रेसिडेंट जनरल ब्रिग्ज यांनी वर घर बांधले आणि महाराजांना सांगून साताऱ्याहून वर येणारी गाडीवाट करवून घेतली. १८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी मनावर घेतले आणि वस्ती वसू लागली. १८२९ च्या करारान्वये महाराजांनी हा डोंगर कंपनीला दिला आणि बदल्यात वाई तालुक्यातले खंडाळा हे गाव घेतले. नव्या पेठेला माल्कमपेठ हे नाव पडले. म्हणजे आज आपण जिथे चणे आणि चिक्की घेत हिंडतो ती पेठ, आणि तिथवर नेणारा जुना रस्ता, यांत साताऱ्याच्या महाराजांचा मोठा वाटा आहे. एकाही प्रसिद्ध पॉइंटवर मात्र त्यांचे नाव नाही.

आता या कथेचा तो भाग, जो पॉइंटवर उभे राहून दिसत नाही.

प्रतापसिंह महाराज हे नुसते गादीवर बसलेले राजे नव्हते. रोज पहाटे उठून कागदपत्रे पाहणारे, रोजनिशी ठेवणारे, रस्ते, पाणीपुरवठा, शाळा यांत लक्ष घालणारे कारभारी वृत्तीचे गृहस्थ होते. साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यातल्या शाळेला आज त्यांचे नाव आहे, आणि १९०० साली डॉ. आंबेडकरांचे नाव ज्या शाळेच्या पटावर चढले ती हीच. महाराजांच्या कारभारावर खूश होऊन लंडनच्या डायरेक्टरांनी १८३५ साली त्यांना मानाची तलवार द्यायचे ठरवले. ती त्यांच्या हाती कधीच पडली नाही. कारण मधल्या काळात मुंबई सरकारशी त्यांचे बिनसले होते. तहात ज्या जहागिरदारांवर महाराजांचा हक्क मान्य केला होता, तो मुंबईचे अधिकारी आता मानीनात. महाराज तहाचा कागद पुढे करून भांडत होते. आणि कागद वाचणारा राजा कोणत्याच सरकारला फार काळ आवडत नाही.

१८३६ साली साताऱ्याचा रेसिडेंट होता पीटर लॉडविक. त्या वर्षी कंपनीच्या तेविसाव्या पलटणीतल्या दोघा देशी अधिकाऱ्यांनी कागाळी केली, की महाराजांच्या वतीने आपल्याला फितवायचा प्रयत्न होत आहे. पुढे आरोपांत भर पडली. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार. ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात एक गुप्त चौकशी मंडळ बसले. त्यात तिघे होते. सरकारचे सचिव विलोबी, कर्नल ओव्हान्स आणि रेसिडेंट लॉडविक. जबान्या महाराजांच्या पाठीमागे घेतल्या गेल्या. त्यांच्या नकला महाराजांनी मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. सैन्य फितवण्याचा आरोप शाबीत आहे, असा अहवाल तयार झाला आणि त्यावर तिघांच्या सह्या झाल्या. लॉडविकचीही झाली.

मी उभा जन्म बँकेत काढला. तिथे माणसाला एक गोष्ट लवकर कळते. सही करायला दोन सेकंद लागतात आणि ती निस्तरायला कधी कधी दोन पिढ्या. त्यातही तिघांच्या सहीचा कागद फार फसवा. पहिला म्हणतो, पुढचे दोघे बघतीलच. तिसरा म्हणतो, आधीच्या दोघांनी पाहिले असेलच. मधला नुसता दोन्हीकडे पाहतो. लॉडविक हा त्या तिघांत साताऱ्याला आणि महाराजांना सर्वांत जवळून ओळखणारा. ज्या माणसाशी आपला रोजचा संबंध आहे, ज्याने आपल्याला पानसुपारी दिली आहे, त्याच्याविरुद्धच्या कागदावर सही करताना त्याच्या मनात काय आले असेल, याची कोणत्याही दप्तरात नोंद नाही. कादंबरीकाराला अशा जागा खुणावतात. पण ही कादंबरी नव्हे, म्हणून मी तिथे शिरत नाही.

पुढच्याच वर्षी, १८३७ मध्ये, साताऱ्याच्या रेसिडेंटच्या खुर्चीवर लॉडविकच्या जागी ओव्हान्स आला. आरोपांचे भेंडोळे वाढत गेले. १८३९ मध्ये नवे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्याला आले. त्यांनी महाराजांपुढे एक कागद ठेवला. झाले ते कबूल करून यावर सही करा, राज्य तुमच्याकडे राहील, असा त्याचा मथितार्थ. महाराजांनी सही केली नाही. न केलेला गुन्हा कबूल करून मिळणारे राज्य त्यांना नको होते. ५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटे राजवाड्याला वेढा पडला आणि महाराजांना पालखीत घालून साताऱ्याबाहेर नेण्यात आले. गादीवर त्यांचे धाकटे बंधू शहाजी, म्हणजे आप्पासाहेब, बसले. महाराजांची रवानगी काशीला झाली. सोबत गेलेले बाळासाहेब सेनापती वाटेतच वारले.

एकाने सही केली आणि नोकरी टिकवली. दुसऱ्याने सही केली नाही आणि राज्य घालवले. गोष्ट इथे संपली असती, तर लॉडविकवर लिहिण्याचे मला कारण नव्हते. असे सही करणारे पुष्कळ होऊन गेले, पुढेही होतील.

पण गोष्ट संपली नाही. नोकरीतून मोकळा होऊन लॉडविक इंग्लंडला परतला. कंपनीच्या भागधारकांच्या सभा लंडनला लेडनहॉल स्ट्रीटवरच्या इंडिया हाउसमध्ये भरत आणि तिथे कारभारावर उघड चर्चा होई. साताऱ्याचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला पोचले होते. रोहिडखोऱ्याच्या देशपांड्यांच्या घराण्यातला हा गृहस्थ आपल्या धन्याला न्याय मिळावा म्हणून त्या परक्या, थंड शहरात सुमारे चौदा वर्षे तळ देऊन बसला. अर्ज लिहिले, पुस्तिका छापल्या, सभासदांचे उंबरे झिजवले. जॉर्ज थॉम्सन, जोसेफ ह्यूम यांच्यासारखे इंग्रज त्यांच्या बाजूने बोलू लागले. आणि बोलणाऱ्यांत जनरल लॉडविकही होता.

ज्या चौकशीच्या अहवालावर त्याची सही होती, त्या चौकशीतून महाराजांना न्याय मिळालेला नाही, ही बाजू त्याने उघडपणे घेतली. हे सोपे नव्हते. थॉम्सनसारखा वक्ता कंपनीवर तुटून पडे तेव्हा गमावण्यासारखे त्याचे काही नव्हते. लॉडविकचा विरोध मात्र स्वतःच्याच सहीला होता. विरोधक लगेच म्हणणार, की तेव्हा सही का केलीत? या प्रश्नाला कोणत्याही भाषेत चांगले उत्तर नाही. ते ऐकून घेऊन उभे राहणे, एवढेच हाती असते. लष्करी माणूस, उतारवय, पेन्शन सुरू, गप्प बसला असता तर कोणी नाव घेतले नसते. तरी तो उभा राहिला.

त्याने काही साधले का? व्यवहारात पाहिले तर काहीच नाही. प्रतापसिंह महाराज १४ ऑक्टोबर १८४७ रोजी काशीला निवर्तले, निर्दोष ठरल्याचा कागद हाती न पडताच. पुढच्या एप्रिलमध्ये आप्पासाहेब गेले आणि औरस वारस नाही म्हणून लॉर्ड डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. महाबळेश्वरला पहिली वाट करवून घेणारे ब्रिग्ज तेव्हा लंडनच्या सभेत डलहौसीच्या या खालसा धोरणाविरुद्ध बोलत होते. तेही कोणी ऐकले नाही. रंगो बापूजी हात हलवीत परतले. १८५७ साली साताऱ्यात त्यांचा मुलगा फासावर गेला आणि ते स्वतः असे नाहीसे झाले, की पुढे कोणाला सापडले नाहीत.

मग उशिरा आलेल्या या शहाणपणाचे मोल काय, असे कोणी विचारील. मी त्याला क्षमा करायला निघालेलो नाही. ती करण्याचा अधिकार काशीला वारलेल्या माणसाचा होता. १८३६ मध्ये, सही करायच्या आधी, लॉडविकने पेन खाली ठेवले असते तर साताऱ्याचा इतिहास बदलला असता असेही नाही. ज्यांना राज्य घ्यायचे होते त्यांना चौथा सापडला असता. पण मला एवढे दिसते, की त्या कटातली जी कागदपत्रे पुढच्या अभ्यासकांच्या हाती आली, त्यांत आतल्या माणसानेच दिलेली साक्ष आहे. प्रतापसिंहांवरचा डाग पुसायला पुढच्या पिढ्या बसल्या तेव्हा त्यांना ही साक्ष उपयोगी पडली. न्याय वेळेवर मिळाला नाही. खरे काय ते मात्र लिहिलेले राहिले.

लॉडविकला दीर्घायुष्य लाभले. २८ ऑगस्ट १८७३ रोजी, नव्वदाव्या वर्षी, फ्रान्समधल्या बान्येर द बिगोर या गावी तो वारला. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी हे गाव आहे, आणि तेही हवापालटासाठी आणि औषधी पाण्यासाठी प्रसिद्ध. आपल्या डोंगरावर आजाऱ्यांसाठी जागा शोधून देणारा माणूस शेवटी तशाच एका डोंगराच्या सावलीत गेला. दुसऱ्या वर्षी, १८७४ मध्ये, त्याच्या एकुलत्या एका मुलाने हा स्तंभ उभारला. तोही सरकारी नोकर, मद्रासचा अकाउंटंट जनरल. या सोंडेला तोवर सिडनी पॉइंट म्हणत. सरकारच्या परवानगीने तिचे नाव लॉडविक पॉइंट झाले.

स्तंभावरच्या मजकुरात खडकी आहे, पुरंदर आहे, कित्तूर आहे, बॉम्बे कुरियर आहे. हिंदुस्थानातली त्याची कारकीर्द साताऱ्याचा रेसिडेंट म्हणून संपली, हेही आहे. त्या रेसिडेंटने काय सही केली आणि पुढे ती कशी नाकारली, हे त्यावर नाही. मुलाने बापाविषयी लिहिताना ते टाळले असेल, तर त्यात नवल नाही. घरोघरच्या भिंतींवर टांगलेल्या आजोबा-पणजोबांच्या तसबिरींखाली आपणही निवडूनच मजकूर लिहितो.

आज त्या दरीकडे पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जावळीचे हे रान जे काही टिकले आहे, ते सहज टिकलेले नाही. कोयनेचे अभयारण्य १९८५ साली झाले, महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, आणि २०१२ साली कोयनेसह सह्याद्रीतली काही राने जागतिक वारशाच्या यादीत गेली. हे सारे कागदांवरच्या सह्यांनी झाले. आणि उद्या एखादा डोंगर पोखरायचा ठरला, तर तोही असाच कुठल्या तरी कागदावरच्या दोन-तीन सह्यांनी पोखरला जाईल. त्या सह्या करणारी माणसे रविवारी सहकुटुंब इथेच येऊन दरी पाहून जाणारी, तुमच्या-माझ्यासारखीच असतील.

तेव्हा पुढच्या खेपेला लॉडविक पॉइंटला गेलात, तर मुलांना प्रतापगड जरूर दाखवा. अफझलखानाची गोष्ट सांगाच, ती त्यांना आवडते. पण वेळ असला, टॅक्सीवाल्याने घाई केली नाही, तर स्तंभापाशी थांबून आणखी दोन नावे सांगा. एक सही न करणाऱ्या राजाचे. दुसरे सही केलेल्या आणि म्हातारपणी चारचौघांत ती खोडायला उभ्या राहिलेल्या साहेबाचे. मुले विचारतील, मग राज्य परत मिळाले का? नाही मिळाले, असे सरळ सांगावे. पुढचा प्रश्न ती विचारतील, तेव्हा उत्तर द्यायची घाई करू नये. समोर दरी आहे, वारा आहे, थोडा वेळ त्यांना पाहू द्यावे.